नांगर घडवणे आणि नांगर विकणे : लक्ष्मणराव किर्लोस्कर



या मेळाव्याच्या तयारीसाठी आपण काहीजण राणीसावरगावला जमलो होतो, तेव्हा चहाच्या वेळी एका वर्गमित्राने आपली अडचण सांगितली. त्याच्या मुलाला बारावीनंतर पाच वर्षांचा असा अभ्यासक्रम करायचा आहे, ज्यात अभियांत्रिकी आणि व्यवस्थापन या दोन्ही पदव्या एकदम मिळतात. फी लाखांत आहे. त्यासाठी रस्त्याकडेची एकरभर जमीन काढावी का, हा त्याचा प्रश्न. कोणी म्हणाले काढ, कोणी म्हणाले आधी इंजिनिअर होऊ दे, धंद्याचे नंतर बघू. उत्तर काही निघाले नाही. घरी परतताना मला लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण झाली. या दोन्ही विद्या एकत्र शिकण्यात त्यांचे सारे आयुष्य गेले, आणि पदवी मात्र त्यांच्याकडे यातली एकही नव्हती. स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा संपादक मंडळाचा आग्रह होताच, म्हणून त्यांचेच चरित्र थोडक्यात मांडतो.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. अशा घरातल्या मुलाने शिकून सरकारी नोकरी धरावी, अशी त्या काळची रीत. या मुलाचे मन मात्र पुस्तकात रमेना. त्याला चित्रे काढायची आणि हाताने काहीतरी घडवायचे वेड. वडिलांच्या मनात नसताना, थोरले बंधू रामूअण्णा यांच्या आधारावर 1885 मध्ये तो मुंबईला गेला आणि जे. जे. कलाशाळेत दाखल झाला.

तिथे दोनेक वर्षांत पहिला धक्का बसला. काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत, हे लक्ष्मणरावांच्या ध्यानात आले. चित्रकाराला याहून मोठी अडचण कोणती असणार? त्यांनी रंग सोडले, पण रेषा सोडल्या नाहीत. यंत्रांची रेखाटने करण्याची विद्या त्यांनी हस्तगत केली आणि तिच्याच बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना शिक्षकाची जागा मिळाली. इथून त्यांचे खरे शिक्षण सुरू झाले असे म्हटले पाहिजे. वर्गात ते मुलांना रेखाटन शिकवत आणि उरलेल्या वेळी कार्यशाळेतील यंत्रे स्वतः चालवून, खोलून, पुन्हा जोडून पाहत. परदेशी यंत्रविषयक मासिके वाचायची आणि त्यातले हाताने करून पाहायचे, असा क्रम होता. कोणी परीक्षा घेत नव्हते, कोणी प्रमाणपत्र देत नव्हते.

मुंबईच्या रस्त्यावर त्यांनी एकदा सायकलवरून जाणारा माणूस पाहिला. त्या काळी सायकल म्हणजे बड्या लोकांची चीज. लक्ष्मणरावांनी ती मिळवली, चालवायला शिकले आणि बेळगावला रामूअण्णांशी संधान बांधले. 1888 मध्ये दोघा भावांचा सायकलींचा व्यापार सुरू झाला. मुंबईहून सायकल पाठवायची आणि बेळगावात रामूअण्णांनी ती विकायची. नुसती विकून भागत नसे. घेणाऱ्याला चालवायला शिकवावे लागे आणि बिघडली तर दुरुस्तही करून द्यावी लागे. आज व्यवस्थापनाच्या वर्गात विक्रीपश्चात सेवा असा एक धडा असतो. या भावांना तो गिऱ्हाइकांनीच शिकवला.

पुढे संस्थेत बढतीची वेळ आली, तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले. मासिक पगाराची नोकरी सोडून एका लहानशा दुकानात भावाच्या शेजारी बसणे हे त्या काळातल्या संसारी माणसाला सोपे नव्हते. किर्लोस्कर ब्रदर्स या नावाची पाटी तिथूनच लोकांच्या परिचयाची झाली.

व्यापारातून कारखान्याकडे ते वळले ते शेतीच्या वाटेने. आधी कडबा कापण्याचे यंत्र केले. कडब्याची कुट्टी आपल्या भागात प्रत्येकाच्या ओळखीची आहे. ताटे आखखी टाकली की जनावर पाला खाते, धांडे टाकते आणि वैरण वाया जाते. हे यंत्र चालले. मग त्यांनी लोखंडी नांगर हाती घेतला. विलायतेहून येणारे नांगर त्यांनी पाहिले होते. आपला लाकडी नांगर जमीन चिरत जातो, तर लोखंडी नांगर खोल जाऊन माती पालटतो. हरळी आणि कुंदा यांनी गांजलेल्या काळ्या रानात या फरकाची किंमत काय असते, हे आपल्यापैकी ज्यांनी औत धरले आहे त्यांना सांगायला नको.

1903 च्या सुमारास नांगर तयार झाला आणि घेणारा मात्र कोणी भेटेना. लोखंडाने जमिनीत विष उतरते, ती नापीक होते, अशी शेतकऱ्यांची समजूत. दोन वर्षे नांगर पडून राहिले. लक्ष्मणरावांच्या चरित्रातला मला हा सगळ्यात महत्त्वाचा काळ वाटतो. रेखाटन बरोबर होते, ओतकाम बरोबर होते, नांगर चालत होता. यंत्र घडवणाऱ्याच्या हिशेबाने त्यांचे काम पुरे झाले होते. पण ज्याच्यासाठी ते घडवले, तो शेतकरी बांधावर उभा राहून मान हलवत होता, आणि दोष त्याच्या अडाणीपणाला देऊन दुसऱ्या उद्योगाकडे वळणे लक्ष्मणरावांना अगदी सहज शक्य होते.

ते वळले नाहीत. हळूहळू काही नांगर गेले, तेव्हा खऱ्या तक्रारी आल्या. कठीण जमिनीत फाळाचे टोक लवकर बोथट होत होते. म्हणजे शेतकऱ्याची भीती चुकीची असली तरी त्याचा अनुभव खोटा नव्हता. लक्ष्मणराव पुन्हा भट्टीपाशी गेले, धातूचे प्रयोग केले आणि टोक टिकाऊ केले. विक्रीतून आलेली तक्रार कार्यशाळेत गेली आणि कार्यशाळेतून सुधारलेला नांगर पुन्हा विक्रीला आला. ज्याला आपण दोन विषय समजतो, त्यांची गाठ इथे पडली.

जरा स्थिर होतात तोच बेळगाव नगरपालिकेने नव्या वस्तीसाठी जागा सोडायला सांगितले. उभा केलेला कारखाना उचलून न्यायचा कुठे? त्या वेळी लक्ष्मणराव औंध संस्थानात एका सभागृहाचे बांधकाम करीत होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या कानी ही अडचण गेली. त्यांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. कुंडल रोड या रेल्वे स्टेशनाजवळचा 32 एकरांचा माळ ठरला. निवडुंग माजलेला, पाण्याचे हाल आणि सापांचा वावर. मार्च 1910 मध्ये पंचवीसेक कामगार आपल्या कुटुंबांसह तिथे आले. त्याच माळाचे पुढे किर्लोस्करवाडी झाले. आज ते सांगली जिल्ह्यात आहे आणि स्टेशनही त्याच नावाने ओळखले जाते.

या वसाहतीत लक्ष्मणरावांनी जी माणसे जमवली, त्यांची यादी आजच्या कोणत्याही नोकरभरतीच्या अधिकाऱ्याला बुचकळ्यात पाडील. शंभूराव जांभेकर यंत्रे आणि ओतशाळा सांभाळत. के. के. कुलकर्णी शाळेत गणितात नापास झालेले, पण व्यवहार आणि विक्री यांत तरबेज. मंगेशराव रेगे हिशेब पाहत. अनंतराव फळणीकर यांनी शाळा अर्धवट सोडली होती. ते कल्पक यंत्रकार झाले. रामूअण्णांनी वसाहतीचा कारभार हाती घेतला. रात्रीच्या पहाऱ्यावर तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग हे दरोड्याची शिक्षा भोगलेले दोघे नेमले गेले, आणि त्यांनी तो विश्वास सार्थ केला. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा नियम होता. शंभर वर्षांपूर्वी असा नियम करणे आणि तो पाळून घेणे किती अवघड असेल, याचा अंदाज आपल्या गावांच्या जुन्या आठवणींवरून बांधता येतो.

पहिले महायुद्ध सुरू झाले आणि परदेशी माल येणे थांबले. नांगराला मागणी वाढली, पण ओतायला लोखंड नाही. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले. 1920 मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी ‘किर्लोस्कर खबर’ हे छोटे नियतकालिक निघाले. संपादक होते लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव. कारखाना, विक्रेते आणि गिऱ्हाईक यांना जोडणारे ते पत्रक पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि ‘स्त्री’, ‘मनोहर’ ही त्याची भावंडे महाराष्ट्रभर पोचली. आपल्या गुरुजनांपैकी अनेकांनी ती मासिके वाचनालयात चाळली असतील. एका नांगराच्या कारखान्यातून ती निघत होती, हे मात्र सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही.

आता पदवीचा प्रसंग. स्वतः पदवी न घेतलेल्या या माणसाने आपला मुलगा शंतनू याला 1922 मध्ये अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत पाठवले. त्या काळात आपल्याकडचे बहुतेक विद्यार्थी विलायतेला, म्हणजे इंग्लंडला जात. त्या संस्थेत 1914 पासून अभियांत्रिकी आणि कारभार यांचा एकत्र अभ्यासक्रमही सुरू होता, म्हणजे आपल्या मित्राचा मुलगा आज जो मार्ग शोधतो आहे तो शंभराहून अधिक वर्षे जुना आहे. शंतनुरावांनी मात्र यंत्र अभियांत्रिकीच घेतली, 1926 मध्ये पदवी मिळवली आणि ते सरळ किर्लोस्करवाडीला परतले. अभ्यासक्रमाचा दुसरा अर्धा भाग त्यांच्यासाठी घरीच होता. ओतशाळा, हिशेबाच्या वह्या, विक्रेत्यांची पत्रे आणि शेतकऱ्यांच्या तक्रारी.

बापलेकांच्या शिक्षणाची ही जोडी पुढे कामाला आली. नांगर आणि चरकाच्या जोडीला पंप आले. 1946 मध्ये पुण्यात तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा आणि बंगळुरात विजेच्या मोटारींचा उद्योग सुरू झाला. 1948 च्या आरंभी उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आग लागली, पण तो पुन्हा उभा राहिला. त्याच वर्षी सप्टेंबरात आपला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला. पुढच्या काळात आपल्या विहिरींवर इंजिने आली, तेव्हा त्यांच्यावर हेच नाव होते. वीज पोचण्याआधी दूरच्या मळ्यातून येणारा इंजिनाचा ठोका आपण लहानपणी ऐकला आहे. लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 रोजी, वयाच्या 87 व्या वर्षी गेले. त्यांच्या जन्मशताब्दीला, 1969 मध्ये, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

आता पुन्हा आपल्या मित्राच्या एकराकडे येतो. लक्ष्मणरावांना पदवी नव्हती, म्हणून पदवीची गरज नाही, असा अर्थ या चरित्रातून कोणी काढू नये. तसा तो त्यांनी स्वतःही काढला नाही, नाहीतर मुलाला साता समुद्रापलीकडे पाठवले नसते. त्यांना जे बावीस-तेवीस वर्षांत चाचपडत मिळाले, ते शिकवणारा चांगला अभ्यासक्रम मुलाला चार-पाच वर्षांत मिळत असेल तर ती सोय आहे. पण पैसे भरण्याआधी बापाने चौकशी करावी अशी एक गोष्ट आहे. त्या पाच वर्षांत मुलगा आपण केलेली वस्तू घेऊन खऱ्या गिऱ्हाइकासमोर किती वेळा उभा राहणार? नकार ऐकून परत कार्यशाळेत जाण्याची वेळ त्याच्यावर येणार का? ती येणार नसेल, तर दोन पदव्यांची दोन भेंडोळी एकाच पिशवीत मिळतील, इतकेच.

आणि तोवर एक सोय आपल्या हातात आहे. आपल्या बॅचमध्ये कोणाचे शेती अवजारांचे दुकान आहे, कोणाची डाळगिरणी, कोणाचे गंगाखेड रस्त्याला मोटार रिवाइंडिंगचे काम. पेरणीच्या आधीच्या दिवसांत, गर्दी असते तेव्हा, त्या मुलाला महिनाभर आपल्याकडे ठेवून घेऊ. बिघडलेला पंप घेऊन आलेल्या शेतकऱ्याचे बोलणे त्याने पुरते ऐकावे, पंप खोलावा, दुरुस्तीचा भाव सांगावा आणि तो कमी का करता येत नाही हेही समजावून द्यावे. त्यानंतरही त्याला दोन्ही विद्या एकत्र शिकायच्या असतील, तर एकर काढायचा की कर्ज घ्यायचे, हे ठरवायला आपण सगळे पुन्हा बसू. चहा या वेळी माझ्याकडे.