डॉक्टर जॉन स्नो

इंग्लंडांतील यॉर्क शहरीं एका मजुराच्या घरीं १५ मार्च १८१३ रोजीं जॉन स्नो यांचा जन्म झाला. नऊ भावंडांत ते वडील. चौदाव्या वर्षीं ते न्यूकॅसल येथें एका शस्त्रवैद्याजवळ उमेदवारी करूं लागले. आणि अठराव्या वर्षीं किलिंगवर्थच्या कोळशाच्या खाणींतील पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, रोग्यांची शुश्रूषा त्यांच्यावर सोंपविण्यांत आली. पुढें लंडनास जाऊन १८४४ सालीं त्यांनीं एम्. डी. ही पदवी संपादन केली. क्लोरोफॉर्म देण्यांत त्यांची इतकी ख्याति झाली कीं, १८५३ सालीं व्हिक्टोरिया राणीच्या बाळंतपणांत त्यांनाच पाचारण झालें.

पटकी दुर्गंधियुक्त हवेनें होते, असें त्या काळच्या बहुतेक वैद्यांचें मत होतें. ती दूषित पाण्यानें होते, असें स्नो यांनीं १८४९ सालीं प्रसिद्ध केलें; पण तें पटविणें सोपें नव्हतें. कारण, जेथें पाणी घाण तेथें बहुधा हवाही घाण, वस्ती दाट आणि माणसें गरीब. इतक्या गोष्टी एकत्र नांदत असतां दोष कोणाचा, हें कसें ठरवावें?

१८५४ च्या सांथींत याचें उत्तर सांपडलें. दक्षिण लंडनांत दोन कंपन्यांचे नळ एकाच गल्लींतून जात. साउथवर्क व व्हॉक्सहॉल कंपनीचें पाणी टेम्स नदीच्या शहरांतील, मैल्यानें दूषित झालेल्या भागांतून येई. लॅम्बेथ कंपनी १८५२ पासून शहराच्या वरच्या अंगास, स्वच्छ प्रवाहांतून पाणी घेऊं लागली होती. शेजारच्या दोन घरांची हवा एक, रस्ता एक, श्रीमंत व गरीब दोहोंकडे सारखेच. भेद काय तो पाण्याचा. स्नो दारोदार हिंडून, मृत्यु झालेल्या घरीं पाणी कोणाचें, याची चौकशी करूं लागले. घरच्यांस ठाऊक नसेल तेथें पाण्यांतील मिठाचें प्रमाण तपासून ते तें ओळखीत. सात आठवड्यांचा हिशेब असा निघाला : पहिल्या कंपनीच्या दर १०,००० घरांमागें ३१५ मृत्यु; दुसरीच्या ३७.

त्याच सांथींत ब्रॉड स्ट्रीट येथें मोठा कहर झाला. मृतांपैकीं बहुतेक तेथील एका पंपाचें पाणी पीत होते, असें दाखवून स्नो यांनीं ८ सप्टेंबर रोजीं स्थानिक अधिकाऱ्यांकडून त्या पंपाचा दांडा काढविला. हेन्री व्हाइटहेड नांवाचे तेथील तरुण धर्मोपदेशक हें मत खोडून काढावयास निघाले. परंतु घरोघर चौकशी केल्यावर तेच त्याचे पुरस्कर्ते झाले.

१६ जून १८५८ रोजीं, अवघ्या ४५ व्या वर्षीं, स्नो वारले. त्यांच्या मताचा सर्वत्र स्वीकार झालेला त्यांस पाहावयास मिळाला नाहीं. रॉबर्ट कॉख यांनीं पटकीचा जंतु आपल्या कलकत्त्यास वेगळा करून दाखविला तो १८८४ सालीं.

आज आहार, व्यसन, वय, वस्ती अशा अनेक कारणांची गुंतागुंत संगणक क्षणांत उलगडतो. तथापि कोणत्या घराची कोणत्या घराशीं तुलना करावयाची, हें माणसासच ठरवावें लागतें. मुलांनो, त्रैराशिकाचा तुम्हांस कंटाळा येतो. पण हा गरिबाचा मुलगा दारोदार हिंडला आणि त्यानें साधें त्रैराशिक नीट मांडलें, म्हणून पटकीचें खरें मूळ जगास दिसलें.