कोळशाचा गॅस बनवणारा चौदा वर्षांचा मुलगा

परळीच्या औष्णिक वीज केंद्राची धुराडी लातूर-नांदेडकडच्या माणसाला नवी नाहीत. या केंद्राने मराठवाड्याला वीज दिली, तशी राखही दिली. २०१५च्या दुष्काळात पाण्याअभावी तिथले संच बंद ठेवावे लागले आणि पुढच्याच वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. कोळशाच्या विजेला कोळशाबरोबर पाणीही भरपूर लागते, हे तेव्हा घरोघरी कळले. म्हणूनच कोळसा थेट न जाळता आधी त्याचा गॅस करायचा आणि मग वीज बनवायची, हा विषय इथल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना जवळचा वाटावा असा आहे. या गॅसचा नाद फार पूर्वी एका मराठी शाळकरी मुलाला लागला होता. त्याचे नाव शंकर आबाजी भिसे.

भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत झाला. त्याआधी दोनच वर्षे, १८६५ मध्ये, मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले होते. हा गॅस कोळशापासून बनायचा आणि जमिनीखालच्या नळांतून दिव्यांपर्यंत पोचायचा. वयाच्या चौदाव्या वर्षी भिसे यांनी घरच्या घरी कोळशाचा गॅस तयार करणारे छोटे उपकरण बनवले. प्रयोगशाळा नाही, मार्गदर्शक नाही, अशा परिस्थितीत ही मोठीच करामत होती.

यातले विज्ञान असे. कोळसा हवेत जाळला की उष्णता, धूर आणि राख मिळते. तोच कोळसा बंद भांड्यात, हवा न लागू देता खूप तापवला, तर तो पेटत नाही. त्याचे घटक सुटे होतात. हायड्रोजन, मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइड यांचे मिश्रण बाहेर पडते, डांबर वेगळे होते आणि भांड्यात कोक उरतो. गॅस थंड करून, पाण्यातून आणि चुन्यावरून नेला की डांबर व गंधकाचा बराचसा भाग निघून जातो. म्हणजे घाण जळण्याआधीच वेगळी काढता येते. आजच्या स्वच्छ कोळसा तंत्रज्ञानाचे मूळ सूत्रही हेच आहे.

इथे एक इशारा आवश्यक आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला घट्ट चिकटतो आणि शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेली माणसे दगावतात ती यामुळेच. त्यामुळे भिसे यांचा हा प्रयोग कोणीही घरी करू नये.

भिसे यांनी पुढे मुंबईत सरकारी हिशेबखात्यात नोकरी केली, पण डोके यंत्रांतच होते. त्यांनी शहरात विज्ञानप्रेमींचे मंडळ काढले आणि उपनगरी गाडीत पुढचे स्टेशन दाखवणारी योजना आखली. लंडनच्या एका नियतकालिकाने किराणा माल आपोआप वजन करून देणाऱ्या यंत्रासाठी स्पर्धा ठेवली होती. तीत भिसे यांचा आराखडा पहिला आला. दिनशा वाच्छा यांचे शिफारसपत्र घेऊन ते लंडनला दादाभाई नौरोजींकडे गेले आणि दादाभाईंनी त्यांना पाठबळ दिले.

तिथे त्यांनी छपाईचे खिळे ओतणारे यंत्र हाती घेतले. मिनिटाला सुमारे १,२०० खिळे पाडण्याची त्याची क्षमता सांगितली जाई. त्या काळच्या यंत्रांपेक्षा हा वेग कितीतरी जास्त होता. पण यंत्र कारखान्यापर्यंत नेण्याआधीच पैसा संपला आणि १९०८च्या अखेरीस भिसे भारतात परतले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्यांची रतनजी टाटांशी गाठ घालून दिली. टाटांच्या पैशावर मंडळी उभी राहिली, मात्र पहिल्या महायुद्धाच्या काळात तीही बंद पडली. १९१६ मध्ये भिसे न्यूयॉर्कला गेले. तिथे त्यांनी यंत्र पुन्हा उभे केले आणि ते बाजारातही आणले.

अमेरिकेत त्यांनी आयोडीनवर आधारित ॲटोमिडीन नावाचे औषध बनवले. त्याचा खप चांगला झाला. तेव्हा त्याच्याविषयी केलेले अनेक दावे मात्र आजच्या वैद्यकाच्या कसोटीला उतरत नाहीत. थायरॉइडला आयोडीन हवेच, पण जास्त झाले तर तीच ग्रंथी बिघडते. १९३०च्या डिसेंबरमध्ये भिसे थॉमस एडिसन यांना भेटले. भारताचा एडिसन ही ओळखही त्यांना मिळाली. सुमारे २०० शोध आणि ४०च्या आसपास पेटंटे त्यांच्या नावावर सांगितली जातात. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले.

भिसे यांना कल्पनांची ददात कधीच नव्हती. अडले ते प्रत्येक वेळी नमुना आणि कारखाना यांच्यामधल्या टप्प्यावर. कोळशाच्या गॅसचेही आपल्याकडे तसेच झाले आहे. आता बंद भांड्याऐवजी मोठ्या दाबाखालच्या पात्रात कोळशावर वाफ आणि मोजका ऑक्सिजन सोडतात. मिळालेला गॅस स्वच्छ करून त्यावर आधी गॅस टर्बाइन फिरवतात, मग उरलेल्या उष्णतेच्या वाफेवर दुसरे टर्बाइन. जुन्या केंद्रांत कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम एक तृतीयांश भाग विजेत उतरतो, इथे तो ४० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. निम्म्याहून अधिक वीज गॅस टर्बाइनमधून येत असल्याने पाणीही कमी लागते. कार्बन डायऑक्साइड मात्र नाहीसा होत नाही. तो वेगळा पकडून साठवावाच लागतो.

तिरुचिरापल्लीला भेल कंपनीने १९८०च्या दशकात ६.२ मेगावॉटचा असा प्रायोगिक संच उभारला. त्यानंतर देशात असे मोठे वीज केंद्र काही उभे राहिले नाही. खर्च हे एक कारण, राख हे दुसरे. आपल्या कोळशात ३० ते ४५ टक्के राख असते, तर परदेशातली बरीच पात्रे कमी राखेच्या कोळशासाठी बेतलेली आहेत. केंद्र सरकारने २०३०पर्यंत १० कोटी टन कोळशाचा गॅस करण्याचे लक्ष्य ठेवले असून २०२४च्या जानेवारीत त्यासाठी ८,५०० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तिचा भर प्रामुख्याने रसायने आणि खतांसाठी लागणाऱ्या गॅसवर आहे.

नांदेड-लातूरच्या विद्यार्थ्याला यात हात घालायला मोठे पात्र लागत नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेतली भट्टी आणि अचूक तराजू एवढ्यावर कोळशाच्या नमुन्यातली राख, ओलावा आणि तापवल्यावर उडून जाणारा भाग मोजता येतो. परळीसारख्या केंद्राला येणारा कोळसा कोणत्या पात्रात चालेल, या प्रश्नाची सुरुवात याच तीन आकड्यांपासून होते.