‘बेवूल्फ’चे अध्यापक : जे. आर. आर. टॉल्किन

जॉन रॉनल्ड रूएल टॉल्किन हे नाव सामान्य वाचकास अद्‌भुतरम्य कथांचे कर्ते म्हणून परिचित आहे. तथापि त्यांच्या आयुष्याची सुमारे चाळीस वर्षे विद्यापीठाच्या वर्गात गेली आणि ह्या साऱ्या काळात ‘बेवूल्फ’ हे दुर्बोध काव्य त्यांच्या सोबतीस होते. ३१८२ ओळींचे हे प्राचीन इंग्रजी काव्य इ. स. १००० च्या सुमाराच्या एकाच हस्तलिखितात उरले आहे. तेही १७३१ च्या आगीत होरपळलेले. ग्रेंडेल नावाचा नरभक्षक राक्षस, त्याची माता आणि अखेरीस एक ड्रॅगन यांच्याशी नायकाने केलेली तीन युद्धे हा त्याचा विषय होय.

टॉल्किन यांचा जन्म ३ जानेवारी १८९२ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथे झाला. ते चार वर्षांचे असताना वडील वारले. लॅटिनचे पहिले धडे देणारी आईही १९०४ मध्ये निवर्तली. बर्मिंगहॅमच्या शाळेत त्यांना प्राचीन इंग्रजीची गोडी लागली. ऑक्सफर्डला १९११ मध्ये ते ग्रीक-लॅटिनच्या अभ्यासासाठी गेले. परंतु १९१३ मध्ये इंग्रजीकडे वळले आणि १९१५ मध्ये प्रथम वर्गात उत्तीर्ण झाले. पुढच्याच वर्षी सॉमच्या रणभूमीवर त्यांचे दोन जिवलग शाळासोबती गेले. पराभव अटळ दिसत असतानाही झुंजणाऱ्या वीराचे काव्य त्यांनी शिकविले, ते ह्या अनुभवानंतर.

१९२० मध्ये ते लीड्‌स येथे प्रपाठक झाले आणि १९२५ मध्ये ऑक्सफर्डला अँग्लो-सॅक्सनचे प्राध्यापक म्हणून परतले. तेथे भाषा आणि साहित्य असे दोन पक्ष परस्परांकडे पाठ फिरवून उभे होते. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ‘बेवूल्फ’ म्हणजे परीक्षेसाठी ओलांडावयाचा शब्दरूपांचा डोंगर होता. शब्दाचे रूप आणि काव्याचा अर्थ ही वेगळी करता येत नाहीत, अशी टॉल्किन यांची धारणा होती. त्यांनी पुरस्कारिलेली अभ्यासक्रमाची फेररचना १९३१ मध्ये मान्य झाली. मात्र तिच्यासाठी व्हिक्टोरियन साहित्याला कात्री लावण्याची त्यांची तयारी होती, हेही नमूद केले पाहिजे. वर्गात त्यांचे बोलणे भरभर आणि अस्पष्ट असे; पण काव्याचा आरंभ ते खड्या आवाजात म्हणून दाखवीत. ते पठण ऐकलेल्या विद्यार्थ्यांत कवी ऑडन हे एक होते आणि त्याचा ठसा त्यांच्यावर कायम राहिला.

२५ नोव्हेंबर १९३६ रोजी ब्रिटिश अकादमीत टॉल्किन यांनी दिलेले व्याख्यान ह्या काव्याच्या अभ्यासाला वळण देणारे ठरले. तोवरच्या पंडितांनी ‘बेवूल्फ’मध्ये इतिहास, वंशावळी आणि जुन्या चालीरीतींचे अवशेष शोधले होते. डब्ल्यू. पी. कर यांच्यासारख्या रसज्ञ समीक्षकालाही राक्षसांची कथा क्षुल्लक वाटली होती आणि कवीने गौण गोष्टींना मध्यवर्ती स्थान दिले, असा त्यांचा आक्षेप होता. टॉल्किन यांनी हा आक्षेपच उलटविला. प्रतिस्पर्धी मानवी राजा असता, तर काव्य एका वैराची हकिकत होऊन राहिले असते. राक्षस आणि ड्रॅगन यांच्यामुळेच मर्त्य माणसाचा काळाशी चाललेला झगडा त्यात प्रकट होतो. नायकाचे तारुण्य आणि वार्धक्य, उदय आणि अंत यांच्या तोलावर रचना उभी आहे. म्हणून कथानक सरळ पुढे जात नाही हा दोष ठरत नाही. भारतीय महाकाव्यांतून केवळ ऐतिहासिक बीज किंवा प्रक्षेप निवडून काढणाऱ्या अभ्यासकासही ह्या युक्तिवादाची दखल घ्यावी लागेल.

पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘द हॉबिट’मध्ये निजलेल्या ड्रॅगनच्या निधीतून पेला चोरला जातो, हा प्रसंग ‘बेवूल्फ’ची आठवण करून देतो. १९५४-५५ मध्ये आलेल्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधील रोहनच्या अश्वारूढ लोकांना त्यांनी प्राचीन इंग्रजीतील नावे दिली. वर्गातील विवेचन आणि कथालेखन यांची मुळे अशी एकाच भूमीत होती.

१९४५ मध्ये ते ऑक्सफर्डमध्येच मर्टन प्राध्यापक झाले, १९५९ मध्ये निवृत्त झाले आणि २ सप्टेंबर १९७३ रोजी बोर्नमथ येथे त्यांचे निधन झाले. ‘बेवूल्फ’चा गद्य अनुवाद त्यांनी १९२६ मध्येच पुरा केला होता, परंतु त्याविषयी त्यांचे समाधान झाले नाही आणि हयातीत त्यांनी तो प्रसिद्ध केला नाही. पुत्र ख्रिस्तोफर यांनी २०१४ मध्ये तो प्रकाशित केला, तेव्हा त्याच्यासोबत वर्गासाठी लिहिलेल्या व्याख्यानांतून निवडलेली टीकाही छापली. एकेका शब्दावर दीर्घकाळ थांबणारे अध्यापक टॉल्किन त्या पानांत भेटतात.