डाग खाली, गळती वर!

पपई रंगाच्या गाड्या, लँडो नॉरिस आणि २०२४ला फॉर्म्युला वनमध्ये जिंकलेलं टीमचं विजेतेपद. मॅक्लॅरेन म्हटलं की आपल्याला हेच आठवतं. पण या टीमची फॉर्म्युला वनमधली पहिली रेस कशी संपली, माहितीये? २२ मे १९६६, मोनॅको. स्टिअरिंगवर खुद्द टीमचा मालक, ब्रूस मॅक्लॅरेन. जेमतेम ९ फेऱ्या झाल्या आणि ऑइल गळतीमुळे गाडी बाद. आज जगभर फॅन असलेल्या या टीमच्या खात्यावरची पहिली नोंद अशी आहे!

आणि हा माणूस तर गॅरेजमध्येच वाढलेला.

खोक्यातली स्पोर्ट्स कार

ब्रूसचा जन्म ३० ऑगस्ट १९३७चा, न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचा. वडील लेस यांचं तिथल्या रेम्युएरा भागात सर्व्हिस स्टेशन होतं. पाने, ग्रीस, पेट्रोलचा वास हेच त्याचं बालपण. नवव्या वर्षी त्याला पर्थेस नावाचा आजार झाला. यात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि हाड झिजतं. जवळपास दोन वर्षं त्याने रुग्णालयासारख्या एका संस्थेत अंथरुणावर काढली. बरा झाला, पण डावा पाय थोडा आखूडच राहिला आणि चाल आयुष्यभर लंगडी.

मग घरात आली ऑस्टिन सेव्हन अल्स्टर. १९२९ची, ७४७ सीसीची चिमुकली स्पोर्ट्स कार. ‘आली’ म्हणजे तुकड्यांमध्ये आली! वडिलांनी ती सुट्या भागांच्या अवस्थेतच विकत घेतली होती. बाप-लेकाने मिळून एकेक भाग साफ केला, जुळवला, इंजिन उभं केलं. चालवून पाहिल्यावर वडिलांना ती काही आवडेना. विकून टाकू, असं त्यांच्या मनात होतं. ब्रूसने हट्ट करून ती ठेवून घेतली. घरामागच्या फळझाडांभोवती इंग्रजी आठच्या आकड्यात तो ती पळवायचा. १९५२मध्ये याच गाडीतून तो पहिल्यांदा एका हिलक्लाइंब स्पर्धेत उतरला.

गळती कशी शोधायची?

स्वतः इंजिन खोलणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते. ऑइल गळती म्हणजे महाफसवं प्रकरण. जमिनीवर डाग दिसतो एकीकडे आणि गळती असते भलतीकडेच. ऑइल वरून निघतं, इंजिनाच्या अंगावरून ओघळतं, गाडी पळताना हवेने मागे ढकललं जातं आणि सगळ्यात खालच्या बोल्टवरून टपकतं. आपण त्या बोल्टलाच दोषी ठरवून मोकळे!

म्हणून आधी इंजिन थंड होऊ द्यायचं आणि धुऊन-पुसून लख्ख कोरडं करायचं. मग थोडा वेळ चालवून, बंद करून टॉर्च मारायचा, तोही वरून खाली. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, ऑइल फिल्टर, क्रँकचे पुढचे-मागचे ऑइल सील आणि शेवटी ऑइल चेंबर आणि त्याचा ड्रेन बोल्ट. संशयित जागी टाल्कम पावडर भुरभुरली तर ओली रेघ लगेच उमटते. सगळ्यात वरची आणि पुढची ओली जागा, तीच बहुतेक वेळा खरी गुन्हेगार.

तरी सापडलं नाही तर? इंजिनाचा ब्रीदर बघायचा. तो तुंबला की आतला दाब वाढतो आणि चांगल्या सीलमधूनही ऑइल बाहेर येतं. मग कितीही नवी पॅकिंग टाका, उपयोग शून्य. आणि हो, बोल्ट उगाच आवळत सुटायचं नाही. पत्र्याचं कव्हर वाकतं आणि गळती वाढते.

झाकण का फडफडतंय?

हीच सवय ब्रूसला पुढे नेत गेली. इंजिनीअरिंग शिकता शिकता तो १९५८ला शिष्यवृत्तीवर युरोपात रेसिंगला आला. १२ डिसेंबर १९५९ला अमेरिकेतल्या सेब्रिंगमध्ये त्याने कूपर टीमकडून ग्रांप्री जिंकली. वय अवघं २२! तोवर इतक्या लहान वयात कुणीच ग्रांप्री जिंकली नव्हती.

१९६३मध्ये त्याने स्वतःची टीम काढली. सुरुवातीच्या एका स्पोर्ट्स कारच्या चाचणीत त्याला दिसलं, की वेगात असताना पुढचं इंधनाचं झाकण फडफडतंय. दुसऱ्याने खिट्टी बदलली असती. ब्रूसने विचार केला, की समोरून वारा येत असताना झाकण दाबलं जायला हवं, ते उघडतंय म्हणजे आत हवा कोंडते आहे. पिटमध्ये येऊन त्याने पत्रा कापायची कात्री घेतली आणि रेडिएटरच्या मागे बॉडीला भोकं पाडली. कोंडलेली हवा सुटली, गाडी सुधारली.

मोनॅकोतही हार एका दिवसाची होती. रेसमध्ये ऑइल गळालं तर दाब पडतो, बेअरिंगवरचा ऑइलचा थर जातो, धातूवर धातू घासून इंजिन संपतं. वेळीच थांबलेलं बरं. पुढच्याच महिन्यात तो आणि ख्रिस एमन फोर्डच्या गाडीतून ल मान्सची २४ तासांची रेस जिंकले. जुलैमध्ये ब्रँड्स हॅचला, वेगळं इंजिन बसवलेल्या त्याच्या गाडीने टीमला पहिला गुण मिळवून दिला. १९६८ला बेल्जियममध्ये तो स्वतःच्याच नावाच्या गाडीतून ग्रांप्री जिंकला. आणि १९६९च्या कॅन-ॲम मालिकेत तर ११ पैकी ११ रेस मॅक्लॅरेनच्या!

शेवटची चाचणी

टीमचा बॉस झाला तरी चाचणीला तो स्वतः बसायचा. २ जून १९७०ला इंग्लंडमधल्या गुडवुड ट्रॅकवर नवी एम८डी चालवताना वेगात असतानाच गाडीच्या मागच्या बॉडीचा भाग सुटला. गाडीला जमिनीवर दाबून धरणारी हवेची पकड गेली आणि ती मार्शलच्या बंकरवर आदळली. ब्रूस जागीच गेला. वय ३२.

बारा दिवसांनी कॅनडातल्या मोस्पोर्टला मोसमाची पहिली रेस होती. टीम तिथे हजर होती. ब्रूसच्या जागी बसलेला डॅन गर्नी जिंकला आणि हात भाजलेला असतानाही डेनी हल्म तिसरा आला. त्या मोसमाचं विजेतेपदही हल्मनेच मिळवलं.

ती ऑस्टिन आजही इंग्लंडमध्ये, वोकिंगच्या मॅक्लॅरेन मुख्यालयात नव्या गाड्यांसोबत उभी आहे. आपल्याकडेही इंजिनीअरिंग कॉलेजांच्या वर्कशॉपमध्ये फॉर्म्युला स्टुडंटच्या गाड्या बांधत जागणारी मुलं आहेत. त्यांनी ब्रूसकडून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, दिसतो तो डाग म्हणजे बिघाड नव्हे. दुसरी, गाडी ट्रॅकवर नेण्याआधी प्रत्येक बोल्ट आणि प्रत्येक खिट्टी दोनदा तपासायची, कारण आत आपलाच कुणीतरी बसणार असतो.

आणि पार्किंगमध्ये तुमच्या गाडीखाली काळा डाग दिसला, तर लगेच नवीन पॅकिंग आणायला धावू नका. आधी इंजिन पुसा. मग वरून बघायला सुरुवात करा.