वसंत रामजी खानोलकर

वसंत रामजी खानोलकर (१३ एप्रिल, इ.स. १८९५ – २९ ऑक्टोबर, इ.स. १९७८) हे भारतीय विकृतिशास्त्रज्ञ होते. कर्करोग, रक्तगट आणि कुष्ठरोग या विषयांवरील संशोधनासाठी ते ओळखले जातात. भारतातील विकृतिशास्त्राचे जनक असा त्यांचा गौरव केला जातो.

जीवन

खानोलकरांचा जन्म क्वेट्टा येथे झाला. लंडन विद्यापीठातून वैद्यकीय शिक्षण घेऊन इ.स. १९२३ मध्ये त्यांनी विकृतिशास्त्रातील एम.डी. पदवी संपादन केली. भारतात परतल्यावर मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात व नंतर सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. इ.स. १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे ते संचालक झाले. भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते संस्थापक-संचालक होते. इ.स. १९६० ते १९६३ या काळात त्यांनी मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविले.

कुष्ठरोगविषयक संशोधन

कुष्ठरोग्यांच्या त्वचेचे व मज्जातंतूंचे सूक्ष्म छेद तपासून, रोगाच्या अगदी आरंभीच जंतू त्वचेतील बारीक मज्जातंतूंत शिरतात, हे खानोलकरांनी दाखविले. तेथून ते मोठ्या मज्जातंतूंकडे सरकतात, असे त्यांचे मत होते. इ.स. १९५८ मध्ये त्यांच्या केंद्रात रुग्णाच्या ऊतींतून एका जंतूचे संवर्धन करण्यात आले. मात्र तो कुष्ठजंतूच होय, हे सर्वमान्य झाले नाही. कुष्ठजंतू कृत्रिम माध्यमात आजही वाढविता येत नाही.

औषधोपचारातून वाचणारे जंतू

मज्जातंतूंतील या आश्रयस्थानाचे महत्त्व डॅप्सोनच्या उपचारकाळात प्रकर्षाने जाणवले. अनेक वर्षे हे औषध घेतलेल्या काही रुग्णांच्या मज्जातंतूंत, स्नायूंत व त्वचेत जिवंत जंतू सापडले. त्यांतील काही जंतूंनी औषधाला प्रतिकार कमावलेला होता. इतर जंतू मात्र प्रयोगात त्याच औषधाने मरत. तरीही शरीरात ते टिकून राहिले होते. अशा जंतूंना चिवट जंतू म्हणता येईल. कुष्ठजंतू मुळातच मंदगतीने वाढतो; त्याच्या एका विभाजनास सुमारे दोन आठवडे लागतात. जी औषधे वाढत्या जंतूवर आघात करतात, त्यांचा सुप्त जंतूवर फारसा परिणाम होत नाही. शिवाय हा जंतू भक्षक पेशींत व मज्जातंतूंभोवतीच्या श्वान पेशींत राहतो. ज्या रुग्णांची या जंतूविरुद्धची प्रतिकारशक्ती क्षीण असते, त्यांचे शरीर उरलेल्या जंतूंचा नायनाट करू शकत नाही. उपचार थांबल्यावर हेच जंतू रोग पुन्हा उद्भवण्यास कारण ठरू शकतात.

या अनुभवातून, एकाच औषधावर विसंबण्याऐवजी रिफॅम्पिसिन, क्लोफाझिमिन व डॅप्सोन एकत्र देण्याची बहुविध औषधोपचार पद्धती जागतिक आरोग्य संघटनेने इ.स. १९८२ मध्ये पुरस्कृत केली. राळेगाव तालुक्याला लागून असलेला वर्धा जिल्हा हा भारतात ही पद्धती सुरुवातीला राबविलेल्या जिल्ह्यांपैकी एक होय. खानोलकर मात्र हा बदल पाहण्यास हयात नव्हते.

सन्मान

भारत सरकारने खानोलकरांना पद्मभूषण पुरस्काराने सन्मानित केले. इ.स. १९६३ मध्ये त्यांची राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक म्हणून नियुक्ती झाली.