आर्थर कॉम्प्टन : शास्त्रज्ञ आणि कुलगुरू

कणत्वरक यंत्रात इलेक्ट्रॉनांचा झोत जवळपास प्रकाशाच्या वेगाने धावतो. त्याची जाडी मोजायला त्यात बारीक तार धरत. तार झोत विस्कटते. झोत फार प्रखर असेल तर तारच तुटते. म्हणून १९९० च्या दशकात अमेरिकेत स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेत तारेच्या जागी लेसरचा किरण आडवा सोडला गेला. अब्जावधी इलेक्ट्रॉनांपैकी मोजकेच प्रकाशकणांवर आदळतात. त्या धडकेतून निघालेले गॅमा किरण मोजत लेसर थोडा थोडा सरकवला की झोताची जाडी कळते, आणि झोत जवळजवळ होता तसाच पुढे जातो. या धडकेचा हिशेब आर्थर कॉम्प्टन यांनी १९२३ साली मांडला होता.

त्यांचा जन्म १० सप्टेंबर १८९२ चा, ओहायोतील वूस्टरचा. वडील धर्मोपदेशक आणि प्राध्यापक. तिन्ही भाऊ पुढे विद्यापीठांचे प्रमुख झाले. त्या काळच्या अमेरिकेत कृष्णवर्णीय मुलाला अशी शिदोरी कुठून मिळणार होती?

सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी ग्राफाइटवर क्ष-किरण सोडले. विखुरलेल्या किरणांची तरंगलांबी वाढलेली निघाली. म्हणजे प्रकाश कणासारखा इलेक्ट्रॉनला धक्का देतो आणि स्वतःची ऊर्जा गमावतो. कणत्वरकात उलटे घडते, वेगवान इलेक्ट्रॉनच प्रकाशाला ऊर्जा देतो. या शोधासाठी १९२७ चे नोबेल त्यांना सी. टी. आर. विल्सन यांच्यासोबत मिळाले. त्याआधी १९२६-२७ मध्ये ते लाहोरच्या पंजाब विद्यापीठात शिकवून गेले होते.

१९४२ मध्ये शिकागोत पहिली अणुभट्टी त्यांच्या देखरेखीखाली पेटली. १९४५ मध्ये बॉम्बच्या थेट वापराला पर्याय दिसत नाही, असा सल्ला देणाऱ्या चार शास्त्रज्ञांत ते होते.

त्याच वर्षी ते सेंट लुईसला कुलगुरू म्हणून परतले. तिथे पदवी वर्गांत कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. १९४७ मध्ये वैद्यक आणि समाजकार्य या शाखांची दारे उघडली, पदवी वर्गांची बंदच राहिली. कृष्णवर्णीयांची वृत्तपत्रे, चर्च आणि संघटना भांडत राहिल्या. विद्यापीठाची करमाफी काढून घ्या, अशी कायदेशीर मागणी झाली. १९४९ मध्ये विद्यार्थ्यांनीच समिती काढली. तेव्हा कुठे मे १९५२ मध्ये विश्वस्तांनी ठराव केला. चरित्रांत हे कुलगुरूंच्या कारकिर्दीचे यश म्हणून नोंदवतात. आमच्या मते ते आधी रेटा लावणाऱ्यांचे आहे. प्रकाशाचा धक्का अचूक मोजणाऱ्या या माणसाला माणसांचा धक्का कळायला सात वर्षे लागली.

१९५३ मध्ये त्यांनी पद सोडले. १५ मार्च १९६२ रोजी बर्कलीत ते वारले तेव्हा लेसर दोनच वर्षांचा होता. इलेक्ट्रॉनांवर लेसर सोडण्याची कल्पना पुढल्याच वर्षी मांडली गेली.