खरखरीचा माग काढणारा अभियंता : कार्ल जान्स्की

पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण उभी आहे. तेथे कोणत्याही निरीक्षणापूर्वी एक काम करावेच लागते. ज्याची तीव्रता आधीच नेमकी ठाऊक आहे, अशा आकाशस्थ स्रोताकडे सर्व अँटेना वळवून यंत्रणेचे प्रमाणीकरण केले जाते. अशा स्रोतांपैकी एक आहे थ्रीसी २८६ हा दूरस्थ क्वेसार. १.४ गिगाहर्ट्झ वारंवारतेला त्याची तीव्रता सुमारे १५ जान्स्की भरते. यंत्राने याहून वेगळा आकडा दाखवला, तर दोष ताऱ्यांत नव्हे, यंत्रणेत शोधायचा असतो. जगभरातील रेडिओ खगोलशास्त्रज्ञ ज्या एककात मोजमाप करतात, ते एका माणसाचे आडनाव आहे. तो माणूस मात्र खगोलशास्त्रज्ञ नव्हता. दूरध्वनी कंपनीच्या संशोधनशाळेत नोकरी करणारा तो एक रेडिओ अभियंता होता.

कार्ल गुथ जान्स्की यांचा जन्म २२ ऑक्टोबर १९०५ रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा प्रांतात नॉर्मन या गावी झाला. वडील विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. कार्ल गुथ या भौतिकशास्त्रज्ञाविषयी त्यांना मोठा आदर होता. मुलाला त्यांनी तेच नाव दिले. पुढे कुटुंब विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे स्थिरावले आणि तेथील विद्यापीठातून कार्ल यांनी १९२७ मध्ये भौतिकशास्त्राची पदवी घेतली. विद्यापीठाच्या बर्फावरील हॉकी संघात खेळणाऱ्या या तरुणाला त्याच काळात मूत्रपिंडाचा असाध्य विकार जडला. १९२८ मध्ये बेल प्रयोगशाळेने त्यांना नोकरी देताना याच कारणाने आढेवेढे घेतले. रेडिओ क्षेत्रातच काम करणाऱ्या थोरल्या भावाने शब्द टाकला, तेव्हा नेमणूक झाली. शहरातील धकाधकीपेक्षा मोकळी हवा बरी म्हणून त्यांना न्यू जर्सीच्या ग्रामीण भागातील केंद्रात धाडण्यात आले.

अटलांटिक महासागरापलीकडे बिनतारी दूरध्वनीने बोलण्याची सोय १९२७ मध्ये सुरू झाली होती. पहिल्या तीन मिनिटांना ७५ डॉलर मोजणाऱ्या ग्राहकाला बोलणे कमी आणि खरखर जास्त ऐकू येई. लघुलहरींवरील ही खरखर कोठून येते, कोणत्या दिशेने आणि कोणत्या वेळी वाढते, हे शोधण्याचे काम जान्स्की यांच्याकडे आले. होल्मडेल येथील जुन्या बटाट्याच्या शेतात त्यांनी सुमारे ३० मीटर लांबीची अँटेना उभारली. फोर्डच्या मॉडेल टी मोटारीच्या चार चाकांवर ती वर्तुळाकार मार्गाने फिरे आणि दर २० मिनिटांत एक फेरी पूर्ण करी. सहकाऱ्यांनी गमतीने तिचे नाव जान्स्कीचा फिरता पाळणा असे ठेवले होते. १४.६ मीटर तरंगलांबीचे संकेत ती टिपे आणि शेजारच्या खोलीत कागदाच्या पट्टीवर लेखणी त्यांचा आलेख काढीत राही.

आलेखांचा अभ्यास करता करता खरखरीचे तीन प्रकार वेगळे झाले. पहिला जवळच्या गडगडाटी वादळांचा, दुसरा दूरच्या वादळांचा. तिसरा प्रकार मात्र विलक्षण होता. ती एक संथ, अखंड सळसळ होती आणि तिचा कोणत्याही वादळाशी मेळ बसत नव्हता. रिसीव्हरमधील भागही स्वतःचा असाच आवाज निर्माण करतात. त्यामुळे पहिला संशय यंत्रावरच जावा, हे स्वाभाविक होते. परंतु यंत्रातील आवाजाला दिशा नसते. अँटेना फिरताना ही सळसळ एका दिशेला वाढत होती आणि दुसऱ्या दिशेला ओसरत होती. म्हणजे ती बाहेरून येत होती. जवळपासची एखादी विजेची तार किंवा कारखाना कारणीभूत असता, तर ती दिशा कायम राहिली असती. पण ही दिशा दिवसभरात पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत होती. पृथ्वीवरील कारणे अशी एकेक गळत गेली.

१९३१ च्या डिसेंबरात ती दिशा सूर्याच्या दिशेशी जुळत होती. हा आवाज सूर्याचाच, असे मानून प्रकरण मिटवता आले असते. जान्स्की यांनी तसे केले नाही. ते महिनोन्‌महिने नोंदी घेत राहिले. हळूहळू सळसळ सूर्याच्या आधी हजर होऊ लागली. रोज सुमारे चार मिनिटे, महिन्याला दोन तास आणि वर्षाला बरोबर एक पूर्ण दिवस, असा तो फरक होता. खगोलशास्त्राचे शिक्षण घेत असलेले सहकारी स्केलेट यांच्याशी चर्चा झाली आणि उलगडा झाला. आवाजाचा फेरा २४ तासांचा नव्हता, २३ तास ५६ मिनिटांचा होता. तो नाक्षत्र दिवस होता. ताऱ्यांबरोबर उगवणारे आणि मावळणारे काहीतरी तो आवाज करीत होते. दिशा होती धनु राशीची, आपल्या आकाशगंगेच्या केंद्राची. डिसेंबरात सूर्यही त्याच बाजूला असतो. पंचांगातील धनुर्मास त्याच सुमारास सुरू होतो. आरंभीच्या गोंधळाचे कारण एवढेच होते.

२७ एप्रिल १९३३ रोजी वॉशिंग्टन येथील परिषदेत त्यांनी हा शोध मांडला. ५ मे रोजी न्यूयॉर्क टाइम्सने तो पहिल्या पानावर छापला. काही दिवसांनी आकाशगंगेची ती सळसळ नभोवाणीवरून श्रोत्यांना ऐकवण्यातही आली. १९३५ मध्ये त्यांनी दाखवून दिले की हा आवाज केवळ केंद्रातून नव्हे, तर आकाशगंगेच्या संपूर्ण पट्ट्यातून येतो. कौतुक ओसरले, तसा विषयही मागे पडला. आर्थिक मंदीचे दिवस होते. खगोलशास्त्रज्ञांना रेडिओचे तंत्र अवगत नव्हते, आणि कंपनीला हवे होते ते उत्तर मिळाले होते. जान्स्की यांना दुसरी कामे देण्यात आली. हा धागा पुढे नेला तो ग्रोट रीबर या अभियंत्याने. १९३७ मध्ये त्यांनी व्हीटन येथे घराच्या परसात स्वखर्चाने परवलयाकार रेडिओ दुर्बीण बांधली.

१४ फेब्रुवारी १९५० रोजी, वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षी, जान्स्की यांचे निधन झाले. कोणताही मोठा वैज्ञानिक सन्मान त्यांच्या वाट्याला आला नाही. त्याच होल्मडेल येथे बेल प्रयोगशाळेतील पेंझियास आणि विल्सन यांना १९६० च्या दशकात आणखी एका चिवट आवाजाने सतावले. यंत्रातील दोष एकामागून एक तपासून दूर केल्यावरही तो उरला, आणि त्यातून विश्वाच्या आरंभकाळातील प्रारणाचा शोध लागला. त्यासाठी १९७८ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. जान्स्की यांच्या नावाचे एकक १९७३ मध्ये स्वीकारण्यात आले. २०१२ मध्ये न्यू मेक्सिकोतील विशाल रेडिओ दुर्बिणीलाही त्यांचे नाव दिले गेले. बटाट्याच्या शेतातील अँटेना केव्हाच नाहीशी झाली. तिच्या जागी १९९८ मध्ये एक छोटे स्मारक उभारण्यात आले. ते १६ सप्टेंबर १९३२ च्या संध्याकाळी ७ वाजून १० मिनिटांनी ती अँटेना ज्या दिशेला होती, त्याच दिशेला बसवलेले आहे.